सात किलोचं माहेर

"पंचावन्न, पस्तीस, पंचवीस," दुकानदार म्हणाला. "यापेक्षा मोठी असली तर विमानात आपल्याजवळ ठेवू देत नाहीत. या दोन्ही मापातल्याच आहेत मावशी, डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून मी आजवर भाजीसुद्धा घेतलेली नाही. पर्समधली टेप काढली आणि काउंटरवरच दोन्ही बॅगा मोजायला लागले. तीस वर्षं कोल्हापुरात बायकांचे ब्लाऊज शिवतेय, दुसऱ्यानं सांगितलेल्या मापावर माझा विश्वास नाही. दुकानदार बघत राहिला. आमचे हे पंख्याखालचं स्टूल पकडून बसले होते, ते तिथूनच म्हणाले, "मोजू द्या तिला. लग्नाआधी माझीसुद्धा उंची विचारून घेतली होती."

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पहिल्यांदाच विमानात बसणार होते, तेही एकटी. कोल्हापूर ते हैदराबाद, शुक्रवारी जायचं आणि रविवारी परत यायचं. हैदराबादला माझा थोरला भाऊ, विलासदादा, नोकरीसाठी गेला तो तिथलाच झाला. आई शेवटची बारा वर्षं त्याच्याकडे होती. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि वर्षश्राद्धासाठी दादानं मला तिकीट काढून पाठवलं होतं. त्या तिकिटावर हातातली एकच बॅग नेता येत होती, सात किलोपर्यंतची.

तर बॅगा दोन. एक करडी, कडक पाठीची. तिच्यात जेवढं बसेल तेवढंच बसेल. दुसरी निळी, कापडी. तिच्या पोटावरून एक जादा चेन फिरली होती, ती उघडली की बॅग चार बोटं फुगायची. मी ती चेन उघडली, आत हात घालून बघितला, बंद केली. मग पुन्हा उघडली.

"ही वाढणारी आहे," दुकानदार म्हणाला. "जाताना चेन बंद ठेवायची, येताना उघडायची. माणूस कुठं जाऊन आलं की सामान वाढतंच की."

"आमचं नाही वाढत," मी म्हटलं.

ह्यांनी मान वर केली. "अगं, माहेरी निघालीस. घे की निळी."

"माहेर कुठलं आता? दादाच्या घरी निघालेय."

हे असं का बोलले ते कळायला माझी आई माहीत पाहिजे. आम्ही मूळचे मिरजेचे. मिरज ते कोल्हापूर म्हणजे एसटीनं तास-दीड तास, पण मला सातासमुद्रापार दिल्यासारखी आई वाट बघायची. मी दारात आले की आधी माझ्या हातातली पिशवी घ्यायची, उचलून बघायची आणि जड लागली तर तोंड फिरवायची. "एवढं भरून कशाला आणलंस? इथं काही मिळत नाही का तुला?" आमच्या घरची ती रीतच होती. लेकीनं माहेरी यायचं ते अंगावरच्या साडीनिशी आणि एका रिकाम्या पिशवीनिशी. नेसायला आईच्या साड्या, अंग पुसायला आईचा पंचा. आणि जाताना पिशवी अशी गच्च, की एसटीत ठेवताना कंडक्टर कुरकुर करायचा. पाटावरच्या शेवया, सांडगे, दह्यातल्या मिरच्या, कारळ्याची चटणी. आईनं कधी "देऊ का" म्हणून विचारलं नाही. ती कोंबायची. मी नको नको म्हणायची आणि ती माझा हात बाजूला सारून कोंबत राहायची.

ती हैदराबादला गेली तरी हे थांबलं नाही. तिकडून कुणी इकडे यायला निघालं की त्याच्याबरोबर माझे डबे यायचे. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर आईच्या हातचं माझं नाव, "शालन".

मग आई गेली. तेरा दिवस मी तिथं होते. निघताना वहिनींनी कुंकू लावलं नाही, हातावर काही ठेवलं नाही, "या पुन्हा" म्हणाल्या नाहीत. दुखवट्याच्या घरातून काही न्यायचं नसतं, पुन्हा येते म्हणायचं नसतं, हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. तरी रेल्वेत बसल्यावर मांडीवर रिकामी पिशवी घेऊन इतकी रडले, की समोरच्या अनोळखी बाईनं मला पाणी दिलं.

आता वर्ष पुरं होत होतं. वर्ष झालं की दुखवटा संपतो, देणंघेणं पुन्हा सुरू होतं. म्हणजे या दोन दिवसांत मला कळणार होतं, आई गेल्यावर मला माहेर उरलंय की नाही. बाकी कशासाठी मी चाललेच नव्हते. पण निळी बॅग अर्धी रिकामी घेऊन गेले असते, तर दारातच सगळ्यांना दिसलं असतं की शालन आशा लावून आलीय. आणि ती तशीच रिकामी परत आणायची वेळ आली असती तर मला ते सोसलं नसतं.

"करडी द्या," मी म्हटलं.

रस्त्यात हे म्हणाले, "तुला निळी आवडली होती."

"करडीची चेन चांगली आहे."

"दोन्हींची चेन सारखीच होती. मीपण बघितली."

ह्यांच्याशी खोटं बोलणं अवघड जातं, कारण हे भांडत नाहीत.

घरी आल्यावर बॅग भरायला घेतली. आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजल्या, त्यामुळे वजनाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात येतं. कुठून तरी आकड्याचा ताणकाटा पैदा करून आणला होता. दोन साड्या, बाकीचे कपडे, औषधं असं भरून झालं आणि त्यांनी बॅग आकड्याला लावून उचलली.

"चार किलो आठशे," ते म्हणाले. "झकास. अजून दोन किलोला वाव आहे. राहू दे तेवढा, येताना लागेल."

"नाही लागणार." मी आणखी दोन साड्या घातल्या. टॉवेल घातला. साबण घातला. मग पलंगावरची एक चादर घडी करून घातली, उशीचा अभ्रा घातला.

"शालन, चादर कशाला? त्यांच्याकडे चादरी नाहीत?"

"मला दुसऱ्याच्या चादरीवर झोप येत नाही."

"दुसऱ्याच्या," ते म्हणाले, आणि पुन्हा आकडा लावला. "सहा किलो नऊशे."

"बसलं बरोबर," मी म्हटलं. वहिनींसाठी कांदा-लसणाची चटणी केली होती, ती पर्समध्ये टाकली. रिकाम्या हातानं जायचं नव्हतं आणि रिकाम्या बॅगेनंही जायचं नव्हतं.

विमानाचं फार काही आठवत नाही. दादा घ्यायला आला होता, गाडीत आईविषयी बोलत राहिला. घरी दारात वहिनी उभ्या होत्या. निर्मला त्यांचं नाव, बिदरकडच्या. लहानपणीच आईवडील गेले, काकांनी वाढवलं आणि लग्न लावून दिलं. बोलायला कमी, इतक्या कमी की पहिली दहा वर्षं मला वाटायचं ही बाई शिष्ट आहे. त्यांच्यामागे माझी भाची रेवती, तेव्हा कॉलेजात होती.

वहिनींनी माझ्या हातातून बॅग घेतली. चाकांवर न ओढता उचलली, आणि जरा वेळ तशीच धरून उभ्या राहिल्या.

"जड आहे हो वन्सं."

"दोन दिवसांचंच आहे सगळं," मी म्हटलं. "तुम्हाला काही बघायला नको. मी सगळं आणलंय."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

त्यांचं हे "बरं" मला कधी आवडलं नाही. त्यापुढं बोलायला काही उरायचंच नाही.

आंघोळीला निघाले तर बाथरूमच्या दारात वहिनी कोरा टॉवेल घेऊन उभ्या. माझा टॉवेल माझ्या खांद्यावर. "आहे की माझा," मी म्हटलं. त्यांनी तो टॉवेल घडी न मोडता परत कपाटात ठेवला. दुपारी पडायच्या आधी मी पलंगावरची त्यांची चादर काढली, चार कोपरे जुळवून घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. माझी चादर घातली, माझा अभ्रा चढवला. वहिनी दारातून बघून गेल्या. मला वाटलं, बघा, मी कुणाला म्हणून त्रास देत नाही. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

शनिवारी श्राद्ध झालं. पहाटेपासून आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. वहिनींना सगळं माहीत होतं, आईला वडे कसे लागायचे, खिरीत वेलदोडा नको असायचा, भाजीत गूळ किती. मी नुसती शेजारी उभी राहून हो हो म्हणत होते. एकदा त्या म्हणाल्या, "आई रोज तुमची आठवण काढायच्या." मला विचारायचं होतं, काय म्हणायची, आणि तुम्ही काढता का? पण तेवढ्यात गुरुजी आले.

जेवणं आटोपली, माणसं गेली. मी भांडी घासायला बसले तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, बाई येईल. या इकडे, डोक्याला तेल लावून देते. आई लावायच्या ना तुमच्या."

"नको हो. तुम्ही सकाळपासून उभ्या आहात."

"बरं."

खरं सांगते, माझं डोकं त्यांच्या मांडीवर जायला निघालंच होतं. पण पहिल्या हाकेला हो म्हणायची सवय आमच्यात कुणाला नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा कशाला म्हणायचं, तिसऱ्यांदा ताट पुढं ओढायचं. समोरच्यानं तिथपर्यंत रेटायचं असतं. वहिनी रेटत नसत. मला वाटायचं, मनात नसेल म्हणून रेटत नाहीत.

रविवारी बाराचं विमान होतं. सातलाच मी बॅग भरून, चेन लावून हॉलमध्ये आणून उभी केली. दादा गाडी पुसायला खाली गेला होता. मी सोफ्यावर पर्स घेऊन बसले होते, बसस्टँडवर बसावं तशी. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्यामागे स्वयंपाकघराच्या दारात रेवती येऊन थांबली.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "बॅगेत थोडी जागा होईल का?"

वर्षभर मी याच एका वाक्यासाठी झुरले होते. पण तोंड माझंच ना. "कुठली हो जागा," मी म्हटलं. "सहा किलो नऊशे भरलीय. ह्यांनी काट्यावर तोलून दिलीय. सुईसुद्धा बसायची नाही."

म्हटलं, आणि उठून बॅगेपासून दोन पावलं बाजूला झाले. आईसमोर व्हायची तशी. त्यांनी यावं, माझा हात सारावा, चेन उघडावी, माझ्या त्या चार साड्या आणि चादर बाहेर फेकून द्यावी.

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी वाट बघितली. दहा मिनिटं तरी बघितली. आत रेवतीचं काहीतरी हळू आवाजात बोलणं ऐकू आलं, मग कपाटाचं दार लागलं. मग मला राग आला. मनात म्हटलं, विचारायचं म्हणून विचारलं. ज्याला द्यायचं असतं, तो विचारतो होय? आई कधी विचारत होती?

निघताना वहिनींनी कुंकू लावलं. "या पुन्हा," म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या कपाळापाशी जरा जास्तच रेंगाळला, पण मी तेव्हा चपला घालायच्या घाईत होते. ओटी भरली नाही. तांदळाचा दाणा नाही की खण नाही. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी स्वतःला सांगितलं, शालन, संपलं. आता तू कोल्हापूरची, आणि कुठली नाहीस.

कोल्हापूरला हे विमानतळावर आले होते. घरी आल्यावर सवयीनं त्यांनी बॅग आकड्याला लावली. मी बघत होते.

"सहा किलो नऊशे," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, काटा खुंटीला अडकवला आणि चहा ठेवायला गेले. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

त्यानंतर मी हैदराबादला गेलेच नाही. दादानं दोनदा बोलावलं, एकदा मी मशीन दुरुस्तीला टाकलंय म्हटलं, एकदा ह्यांची तब्येत. भाऊबीज फोनवर झाली. वहिनी फोनवर येत, "बऱ्या आहात ना" विचारत, मी "बरी आहे" म्हणत असे, आणि फोन पुन्हा दादाकडे जाई. मला पुष्कळदा वाटायचं, विचारावं, माझं काय चुकलं? पण अशी गोष्ट विचारायची कुणाला? रस्त्यानं जाताना एखादी बाई हातात गच्च पिशवी घेऊन स्टँडवरून येताना दिसली, की मी तिच्या पिशवीकडे बघत राहायची. घरी सगळं होतं. मुलगा-सून चांगले, हे चांगले. शेवया बाजारात मिळत होत्या. तरी सणावाराला मला कुणीतरी "कधी येतेस" म्हणून खडसावावं असं इतकं वाटायचं, की मी शिवत असलेलं कापड बाजूला ठेवून उगाच गॅलरीत जाऊन उभी राहायची.

दादा सेवानिवृत्त झाला. रेवती लग्न होऊन कॅनडात गेली होती, तिनं दोघांना बोलावून घेतलं. हैदराबादचं घर विकलं. मी म्हटलं, बरं झालं, आता वाट बघायचं कारणच उरलं नाही.

गेल्या जानेवारीत रेवती भारतात आली आणि दोन दिवस माझ्याकडे राहिली. संध्याकाळी मी खीर केली होती. तिनं एक चमचा खाल्ला आणि म्हणाली, "शेवया विकतच्या ना, आत्या?"

"मग कुठल्या? पाटावरच्या करणारी माझी आई गेली."

तिनं चमचा खाली ठेवला. "आजी? आत्या, शेवटची सहा वर्षं आजीला चहाचा कप धरता येत नव्हता. हात किती थरथरायचे. ती खुर्चीत बसून सांगायची आणि आई करायची, बाल्कनीत पाट टाकून. सांडगे, मिरच्या, सगळं आई करायची. डब्यावर नाव तेवढं आजी लिहायची. त्यालाच अर्धा तास लागायचा तिला."

सहा वर्षं ते डबे उघडताना मी ह्यांना म्हणत होते, आईच्या हाताची चव ती आईच्याच हाताची.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"आईच म्हणायची, सांगू नका. वन्संना वाटू दे आईंनी केलंय, त्यांना बरं वाटतं." मग म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या वेळी पण केलं होतं. आजी गेल्यावर पहिल्यांदा एकटीनं. पंधरा दिवस करत होती. पाच डबे होते, एक खण होता, तांदूळ पुरचुंडीत बांधलेले. डबे मी भरले होते. आईनं ओटा आवरता आवरता मला सांगितलं, आत्याची बॅग अर्धी रिकामीच असणार, आई सांगायच्या, शालन रिकामी पिशवी घेऊन येते."

"मग?"

"मग तू टॉवेल घेऊन आलीस."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. घडलं तसं सांगितलं.

"पण त्यांनी विचारलं तेव्हा... अगं, मी आपलं नको म्हटलं. नको म्हणायचंच असतं की."

"मला कळलं होतं ते. मी आईला म्हटलं, पुन्हा विचार, आत्या आढेवेढे घेतेय. तर म्हणाली, नाही गं. आईंचं असतं तर त्यांनी घेतलं असतं. माझ्या हातचं नको असेल. ओटीसुद्धा भरली नाही तिनं. म्हणाली, बॅगेत जागा नाही म्हणतात, खण कुठं ठेवतील, अवघडतील."

"डबे काय झाले?"

"कपाटात होते. तू पुढच्या खेपेला येशील म्हणून आम्हाला हात लावू देत नव्हती. दुसऱ्या वर्षी शेवयांत किडे झाले, तेव्हा टाकले."

खीर तशीच राहिली. हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांना सगळं ऐकू गेलं असणार, पण ते बाहेर आले नाहीत. मी उठले, हात धुतले, पदराला पुसले आणि रेवतीला म्हटलं, "फोन लाव तुझ्या आईला."

"आता? तिकडे सकाळ आहे, ती पूजा करत असेल."

"लाव."

फोन वहिनींनीच उचलला. रेवतीनं तो माझ्या हातात दिला.

"वन्सं? बऱ्या आहात ना?"

सात वर्षं मी "बरी आहे" म्हणत आले होते. त्या दिवशी तसं म्हटलं नाही. "वहिनी," मी म्हटलं, "मला पाहिजे होतं. त्या दिवशी. पाचही डबे पाहिजे होते, ओटी पाहिजे होती. मी नुसतं तोंडानं नको म्हटलं."

मला वाटलं फोन कट झाला. रेवतीनं वाकून बघितलं आणि मानेनं सांगितलं, चालू आहे.

"मला वाटलं, तुम्हाला नको," वहिनी म्हणाल्या. मग थांबून थांबून बोलायला लागल्या, एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "काकांच्या घरी मी नेहमी घेणारी होते वन्सं. जे मिळेल ते घ्यायचं आणि बरं म्हणायचं. इकडे आल्यावर आईंच्या नावानं करत होते, ते चांगलंच होतं. पण आई गेल्यावर मला वाटलं, एकदा आपल्या नावानं कुणाला तरी द्यावं. मला तुम्ही एकट्याच होता देण्यासारख्या."

"आणि मी चादर घेऊन आले."

"हो," वहिनी म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. रेवती आत ह्यांच्याकडे निघून गेली. साठी ओलांडलेली बाई मी, नातवंडं आहेत मला, आणि मी फोनवर हुंदके देत होते.

"वहिनी, आता मागितलं तर?"

"आता काय देऊ हो? घर नाही. मी कुठं, तुम्ही कुठं. गुडघे गेलेत माझे, खाली बसता येत नाही."

"नका देऊ. मागू तर द्या."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मागा."

मी डोळे पुसले. "मला आठ दिवस राहायचंय. दोन नाही."

"राहा."

"सकाळी मला उठवायचं नाही. कितीही वाजले तरी."

"नाही उठवत. रेवतीलाही सांगते, आवाज करू नको."

"तुमच्या साड्या नेसणार मी."

"नेसा. हिरवी इरकल आहे, मऊ झालीय धुऊन धुऊन. ती तुम्हाला चांगली दिसेल."

"तव्यावरची भाकरी पाहिजे. मी नुसती बसणार, तुम्ही वाढायची."

"वाढते. लोणी पण आहे."

"दादा काही बोलला तर तुम्ही माझ्या बाजूनं भांडायचं."

त्या हसल्या. रडत होत्या आणि हसल्या, मला ऐकू आलं. "भांडते," म्हणाल्या.

मग मला पुढचं सुचेना. इतक्या वर्षांचं साठलं होतं, कुठून काढायचं ते कळत नव्हतं.

"आणखी?" वहिनींनी विचारलं.